शिंगाचा खंड्या

पेटी कापराच्या लाकडाची, मकावहून आलेली.
दोना इझावराचे सासरे तिथे कस्टमात कारकून.
परतताना कोणी रेशीम आणतं, कोणी चिनी मातीच्या बरण्या,
त्यांनी आणल्या एकशे चव्वेचाळीस सोंगट्या:
हाडाचं पोट, बांबूची पाठ.

मडगावात, बोर्ड्याला, दर गुरुवारी चार वाजता
त्या टेबलावर पालथ्या ओतायच्या
आणि आठ हातांनी घुसळायच्या.
चिमण्यांचा कलकलाट म्हणतात चीनमध्ये त्या आवाजाला.
आई म्हणायची, छे, तिसऱ्या धुतल्यासारखा.

आई त्या घरी चहा करायची.
वडील शाबी चारी, लंगड्या खुर्च्या सरळ करणारे.

एकदा एक चिमणी हरवली.
खेळात त्या चार; उरल्या तीन.
कुत्र्याने गिळली, असं ठरलं.
वडिलांना बोलावलं, नमुना दिला, उजेडात धरून दाखवला.
हाडाला हात लावायला ते तयार नव्हते,
शिंग चालेल म्हणाले.
हे शास्त्र कुठलं कोण जाणे, पण चालत होतं.
म्हशीचं शिंग, पाठीला आमच्या परड्यातला बांबू,
तीन रात्री, चिमणीच्या उजेडात चिमणी,
आणि हातून निघाला खंड्या.
मानशीच्या दारावर बसतो तसा,
मान आखडलेली, चोच पाण्याकडे.
"नमुना समोर होता ना?" आईने विचारलं.
"होता. पण तो पक्षी मी कधी बघितलेला नाही."

एवढ्या पांढऱ्यांत एक काळा.
पाठीवरूनही ओळखू यायचा, आमचा बांबू जरा पिवळा.
कुणाच्या हाती गेला ते चौघींना दिसायचं
आणि चौघी नजर वळवायच्या,
मिस्साच्या वेळी एखादीच्या उसवलेल्या बाहीवरून वळवावी तशी.
नियमांच्या वहीत हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

मग एकसष्टचा डिसेंबर.
पूर्वेचा वारा लिस्बनला गेला, पश्चिमेचा त्याच्या मागोमाग.
दोन वर्षं पेटी उघडली नाही.
उघडली तेव्हा खुर्च्यांवर वेगळी माणसं:
वास्कोहून जीपने येणाऱ्या नौदलवाल्या मिसेस बाजवा,
आणि औषधवाल्या केंकऱ्यांची कुमुदिनी,
जिच्या सासूला वाटे, सून शिवणाच्या वर्गाला जाते.
बाजवाबाईंचे नियम निराळे, छापील.
कुठल्या डावाला किती गुण, यावर वर्षभर भांडण,
आधी पोर्तुगीजमध्ये, मग हिंदीत,
शेवटी कोकणीत, कारण आकडे
बाजवाबाई मासळीबाजारात शिकल्या होत्या.

चौथी कधी असायची, कधी नसायची.
एका गुरुवारी कुठ्ठाळीची फेरी बंद पडली,
चौथी पलीकडेच अडकली.
दोना इझावराने दाराकडे बघितलं.
"आनंदी, तुला येतं ना गं?"
आई बारा वर्षं ट्रे धरून उभ्याने खेळत होती.

ती खुर्चीच्या कडेवर बसली, पदर आवळून,
उत्तरेचा वारा.
त्या घरच्या कपातून ती चहा घेत नसे,
स्वतःचा पेला कोनाड्यात ठेवलेला असे;
त्या दिवशी तो टेबलावर आला,
सोंगट्यांच्या भिंतीशेजारी.
भिंतीतून तिने खंड्या उचलला.
सगळ्यांना दिसलं. कोणी बघितलं नाही.
जिंकली का, ते तिने मला दोन तऱ्हांनी सांगितलंय.

परवा शिवोलीच्या वाटेवर, जुन्या वस्तूंच्या दुकानात
पेटी दिसली. कापराचा वास उडालेला.
दुकानदार पोरगेला, उत्तरेकडचा कुठला तरी.
चारी पक्षी काचेवर ओळीने मांडून म्हणाला,
"ही काळी अस्सल. चिनी. वय बघा हिचं.
बाकी तीन कुणीतरी नंतर बनवून घातल्यात,
म्हणून भाव कमी लावलाय."

मी मान डोलावली.
सुटी देणार का, विचारलं.
नाही म्हणाला, संच मोडत नाही.

खंड्या तसाच, मान आखडून.
काचेवर माझ्या हाताची सावली पडली होती,
तिच्यावर चोच रोखून.